बिनमातीची भाजी : पिकते कधी, विकते कधी?

व्यापाराच्या पानावर भाजीपाल्याचा विषय पाहून वाचकांना नवल वाटेल. आम्ही कापडाचे व्यापारी. शेतीशी आमचा संबंध कापसापुरता. परंतु मालेगावातील आमच्या ओळखीचे एक यंत्रमागधारक चार माग विकून गच्चीवर हायड्रोपोनिक्सचे हरितगृह उभारायला निघाले होते. "हिवाळाभर भाजी घ्या, माल आम्हीच उचलू," असे विक्रेत्याने त्यांना सांगितले होते. त्यांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही दोन हिवाळे घरच्या गच्चीवर हा प्रयोग केला आहे. म्हणून त्यांना दिलेला जबाब येथे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही विद्या खरी आहे, फसवेगिरी नव्हे. कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक गेरिक यांनी १९३७ साली हा शब्द प्रचारात आणला. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कालिम्पाँग येथे यावर काम केले. झाडाला माती नको असते. पाणी, हवा, उजेड आणि विरघळलेली खते हवी असतात.

ज्याने रंगाची भट्टी पाहिली आहे त्याला हे काम अवघड नाही. येथेही मापच सर्व काही आहे. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवावा लागतो. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खते दाट द्रावणात एकत्र आली की गाळ बसतो, म्हणून त्यांचे दोन वेगळे कॅन ठेवायचे. पहिल्या वर्षी आम्ही बोअरचे पाणी न तपासता वापरले. ते आधीच क्षारांनी भरलेले होते. पालकाच्या कडा करपल्या आणि सारा वाफा फेकावा लागला. दुसऱ्या वर्षी टाकीत साठवलेले पावसाचे पाणी मिसळले, तेव्हा पीक हाती आले.

आता हिवाळ्याचा हिशेब पाहू. या विषयाची बरीचशी माहिती थंड देशांतून येते. हॉलंडमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो, म्हणून तेथे दिवे आणि हीटर लागतात. आपल्याकडे डिसेंबरातही सुमारे अकरा तासांचा दिवस मिळतो. दिव्यांचा खर्च म्हणजे दुसऱ्याच्या हिवाळ्याचे बिल आपण भरणे होय. आम्ही संध्याकाळी प्लॅस्टिकचा पडदा सोडतो आणि टबांना गोणपाट व दुकानातील चिंध्या गुंडाळतो. दुपारी आत उकडते, तेव्हा पडदा वर करावाच लागतो. वाहत्या पाण्याच्या पाइपांऐवजी खोल टब घेतले, कारण वीज गेली की पंप थांबतो आणि पाइपातील मुळे लवकर सुकतात.

भाजी पिकते, हे असे. पण विकते का? थंड देशात हिवाळ्यात शेत गोठते, म्हणून घरची भाजी किमती ठरते. आपल्याकडे उलट आहे. पालक, मेथी, कोथिंबीर याच दिवसांत बाजारात ढिगांनी येते आणि भाव कोसळतात. ज्या मोसमात हरितगृह उत्तम चालते, त्याच मोसमात माल सर्वांत स्वस्त असतो. भाव उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चढतो. तेव्हा ऊन, दमट हवा आणि मुळांची कूज सांभाळणे नवशिक्याला जमत नाही. मोठ्या हॉटेलांना लेट्यूस हवे असते हे खरे, पण मुंबई येथून सुमारे २८० किलोमीटर आहे आणि पान कोमेजायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आम्ही त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगितले. माल उचलण्याचा करार लेखी आहे काय? त्यात भाव लिहिला आहे काय? आणि विक्रेत्याने मागील हिवाळ्यात ज्यांचा माल उचलला, अशा दोन गिऱ्हाइकांच्या घरी तो आपल्याला नेईल काय? कापडाच्या ठोकात आपण नमुना पाहिल्याशिवाय गाठ उचलत नाही. मग येथे माग का विकावेत?

विक्रेत्याने तिसऱ्या प्रश्नावर बोलणे थांबवले.

त्यांचे चारही माग आज चालू आहेत. गच्चीवर त्यांनी दोन टब मांडले आहेत आणि घरात पालक, पुदिना विकत आणावा लागत नाही. कारागिराने हिवाळ्यात हात बसवावा, घरची भाजी खावी, पाण्याची नोंदवही ठेवावी. व्यापाराचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही भांडवल न मोडता.