फोटोवरून दगड मोजताना सॉफ्टवेअर नक्की काय मोजतं?

सुरुंगानंतर पडलेल्या ढिगात दगड केवढे आहेत, यावर खाणीतलं पुढचं बरंच काही ठरतं: लोडरचा वेळ, क्रशरची वीज, पुढच्या सुरुंगातली दारू. अख्खा ढीग चाळणं शक्य नसतं. म्हणून फोटो काढून विपफ्रॅग किंवा स्प्लिट-डेस्कटॉपसारख्या सॉफ्टवेअरला देतात. ते दगडांच्या कडा शोधतं आणि कुठल्या आकाराचा माल किती टक्के, याचा आलेख देतं.

माझ्या पहिल्या आलेखात नव्या ड्रिलिंग आराखड्यामुळे दगड छान बारीक झालेले दिसले. खूश होऊन सरांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "मापाचा चेंडू कुठे ठेवला होतास?"

पायथ्याशी. आधीच्या सुरुंगाच्या वेळी मात्र ढिगाच्या मध्यावर!

हिशोब करून बघा. चेंडू कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर आणि वरचे दगड ८ मीटरवर असतील, तर ४० सेंमीचा दगड २५ सेंमीचा मोजला जातो. म्हणून दोन चेंडू ठेवायचे, एक वर आणि एक खाली.

आणखी तीन ठिकाणी फसायला होतं.

१. कडा: भेगेमुळे किंवा सावलीमुळे एका दगडाचे दोन होतात. उलट, बारीक कच एकत्र दिसली की तिचाच मोठा दगड होतो. कडा डोळ्यांनी तपासून हाताने दुरुस्त कराव्याच लागतात.

२. बारीक माल: ४००० पिक्सेल रुंद फोटोत ४ मीटर ढीग असेल, तर एक पिक्सेल म्हणजे १ मिमी. कड ओळखायला बरेच पिक्सेल लागतात, त्यामुळे काही मिमीचे कण सुटतात. तो भाग रोझिन-रॅमलरसारख्या सूत्राने भरला जातो. म्हणजे आलेखाचं ते टोक मोजमाप नाही, अंदाज आहे.

३. ढिगाचं पोट: फोटोत फक्त वरचा थर येतो आणि बारीक माल तर खाली झिरपतो. लोडर माल उचलत असताना टप्प्याटप्प्याने फोटो घ्या.

या चुका एकाच दिशेने झुकतात, त्यामुळे नुसते जास्त फोटो काढून त्यांची सरासरी शून्य होत नाही. थोडा माल चाळून, त्याच मालाच्या फोटोशी ताडून बघा. ते जमलं नाही, तर दर वेळी एकाच पद्धतीने फोटो काढा आणि निकाल फक्त दोन सुरुंगांच्या तुलनेपुरता वापरा.

पुढच्या सुरुंगांना मी दोन चेंडू ठेवले. माझी 'सुधारणा' बरीचशी गायब झाली. नशीब, तोवर खाणवाल्यांना आराखडा बदला असं सांगितलं नव्हतं.