डबा वेगळा, कॅसेट वेगळी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जे ‘व्हिडिओ गेम’ खेळले जायचे, त्यातले बरेचसे डबे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्या कॅसेटमधला मारिओ किंवा कॉन्ट्रा आज लॅपटॉपवर चालतो तो एम्युलेटरमुळे. पण नवखा माणूस एक तर ऐकीव गोष्टींनी बिचकतो, नाहीतर नको ते डाउनलोड करून बसतो.

पहिला गोंधळ म्हणजे एम्युलेटरलाच गेम समजणं. एम्युलेटर हा नुसता डबा. जुन्या यंत्राचा प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप या सगळ्यांचं काम तो सॉफ्टवेअरमधून करतो. कॅसेटमधल्या चिपवरचा मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवला की ती झाली रॉम. म्हणून नवा एम्युलेटर उघडल्यावर काळा पडदा दिसला तर ते बिघडलेलं नसतं. आत कॅसेटच नसते.

‘एम्युलेटर बेकायदा असतो’ हेही असंच. प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्सला सोनीने कोर्टात खेचलं होतं. २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. अभ्यासासाठी सोनीच्या कोडची प्रत काढली असली, तरी विकलेल्या मालात तो कोड नव्हता. गेमचं मात्र तसं नाही. बाजारातून गेला म्हणून गेम फुकट होत नाही, कॉपीराइट कित्येक दशकं टिकतो. ‘२४ तासांत डिलीट केलं की चालतं’ ही तर निव्वळ अफवा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ हक्काने घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढू देतं. दुसऱ्याने वाटलेली फाइल उतरवण्याची मुभा त्यात नाही. सुरुवातीला मेम या आर्केड एम्युलेटरच्या अधिकृत साइटवरचे, हक्कदारांच्या परवानगीने ठेवलेले मोजके आर्केड गेम घ्यावेत.

‘जुना गेम, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर पळेल’ हा समज मला सगळ्यात रंजक वाटतो. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. तरी बीएसनेस या काटेकोर एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ साली ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागेल असं सांगितलं होतं. मूळ यंत्रात प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप एकाच वेळी आपापल्या गतीने चालतात. सॉफ्टवेअरला क्षणोक्षणी त्यांचा मेळ घालावा लागतो. आणि ती गती म्हणजेच कधीकधी खेळ असतो. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये यंत्र दर फ्रेमला एकच परग्रहवासी हलवायचं. त्यामुळे जितके कमी उरतील तितकी फौज वेगाने अंगावर यायची. एम्युलेटरने सुरुवातीचा संथपणा ‘सुधारला’ तर खेळाचा जीवच गेला.

व्हायरसच्या भीतीत तथ्य आहे, पण रोख चुकीचा. एम्युलेटर त्याच्या मूळ प्रकल्पाच्या साइटवरूनच घ्यावा. सुपर मारिओ ब्रदर्सचा सगळा डेटा ४० केबी. त्याच्या नावाने कित्येक एमबींची ‘ईएक्सई’ फाइल मिळाली तर ती उघडूच नये.

शेवटचं, सेव्ह स्टेटबद्दल. हा त्या क्षणाच्या मेमरीचा ठसा असतो, गेमचं स्वतःचं सेव्ह नव्हे. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की तो उघडेलच असं नाही, म्हणून लांबलचक गेममध्ये आतल्या सेव्हची सोयही वापरत राहावी.