सातबारा काढायच्या आधी एक वही काढा : स्पर्धा परीक्षेच्या तयारीचा खरा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या पहिल्या वर्षाचा खर्च कसा मांडायचा ते बघितलं. आजचा विषय वरवर बघितला तर धंद्याचा वाटणार नाही. पण मला येणाऱ्या दर दहा फोनमधले तीन-चार फोन याच विषयाचे असतात. "सर, पाच वर्षं झाली एमपीएससी करतोय. सोडून धंदा करू का?" या प्रश्नाला मी इतके दिवस फोनवर दोन वाक्यांत उत्तर द्यायचो. गेल्या वर्षी जूनमध्ये कळमनुरीच्या माझ्या दुकानात जे घडलं, त्यानंतर ठरवलं की यावर नीट लिहायचं.

पेरणीचे दिवस होते. दुकानात झेरॉक्सला गर्दी. एक काका आले आणि म्हणाले, "सातबारा काढून द्या, मालक."

मी सहज विचारलं, "पीककर्जाला का?"

"नाही. एक एकर काढायलोय. लेकरू पुण्याला हाय ना, एमपीएससीचं. अजून दोन वरीस लागतील म्हनतंय."

काकांकडे एकूण तीन एकर. थोडी हळद, बाकी सोयाबीन. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, पाच वर्षांपासून तयारी करतोय. मी त्याला ओळखत होतो, कारण त्याचे बरेचसे अर्ज माझ्याच दुकानातून भरलेले. प्रत्येक अर्जामागे मी पन्नास रुपये घेतलेत. म्हणजे या गोष्टीत मी काही बाहेरचा माणूस नाही, हे आधीच सांगतो.

मी सातबारा काढून दिला. पण म्हणालो, "काका, आठ दिवस थांबा. पोराला बोलवा. दोघं मिळून दुकानात या. नंतर काय विकायचं ते विका."

माझा स्वतःचा हिशोब

मी त्यांना थांबवलं, कारण मी स्वतः त्याच खाटेवर झोपून आलोय. नांदेडला बीबीए केलं आणि २०११ मध्ये पुण्याला गेलो. तीन वर्षं राहिलो. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, दोनदा पूर्वलाच थांबलो. परत आलो तेव्हा आई काही बोलली नाही, पण तिच्या हातातल्या पाटल्या नव्हत्या.

दुकान सुरू केल्यावर एका रात्री मी जुन्या डायरीतून तो खर्च उतरवून काढला. खाटेचं भाडं २,५००, मेस २,४००, अभ्यासिका ८००, चहा-झेरॉक्स-फोन-प्रवास १,३००. महिन्याला ७,०००. तीन वर्षांचे २,५२,०००. क्लासची फी ६०,००० आणि पुस्तकं १५,०००. झाले ३,२७,०००.

इथपर्यंत सगळेच मोजतात. बीबीएमध्ये आम्हाला शिकवलेली एक गोष्ट मी तोपर्यंत वापरलीच नव्हती : जी कमाई आपण सोडून दिली तोही खर्चच असतो. मला नांदेडला खताच्या एका वितरकाकडे ९,००० रुपयांची नोकरी मिळत होती. ३६ महिन्यांचे ३,२४,०००. एकूण ६,५१,०००.

साडेसहा लाख! आणि माझं दुकान मी उभं केलं ते १,८०,००० मध्ये.

हे सांगताना मला पश्चात्ताप दाखवायचा नाही. त्या तीन वर्षांनी मला बरंच दिलं, त्याबद्दल पुढे बोलू. पण साडेसहा लाख लावणारा माणूस एकदाही कागद-पेन घेऊन बसला नाही, हे मला आजही खटकतं. पन्नास हजारांच्या झेरॉक्स मशीनसाठी मी तीन दुकानं फिरलो होतो.

परीक्षा धंद्याच्या नजरेने बघा

कुठलाही धंदा सुरू करताना आपण बाजार बघतो. इथेही बघू.

यूपीएससीची २०२३ ची नागरी सेवा परीक्षा घ्या. अर्ज आले १०,१६,८५०. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्यला पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीपर्यंत २,८५५. शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. बसलेल्या दर ५८३ जणांमागे एक. यात हौशे-गवशे-नवशे धरलेत हे खरं. पण ते वगळले तरी रांग मोठीच आहे.

दुसरी गोष्ट, वेळ आपल्या हातात नाही. २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती. ती होता होता २१ मार्च २०२१ उजाडलं. २०२५ ची पूर्व परीक्षा २८ सप्टेंबरला होती. अतिवृष्टी आणि पुरामुळे ती ९ नोव्हेंबरला गेली. कारणं काहीही असोत, त्या काळात खाटेचं भाडं आणि मेस चालूच राहते.

तिसरी गोष्ट, माल बदलतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आधी बहुपर्यायी होती. आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पॅटर्न जाहीर केला, तो २०२३ पासून लागू होणार होता. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो २०२५ वर गेला. आता ९ पेपर, लेखी १,७५० गुण आणि मुलाखत २७५ गुण, म्हणजे एकूण २,०२५. साधारण यूपीएससीसारखंच. ज्याने चार वर्षं फक्त पर्याय गोल करायचा सराव केला, त्याला आता हाताने पानंच्या पानं लिहायचीत. जुना स्टॉक नव्या बाजारात तसाच खपत नाही, हे आपल्याला धंद्यात लगेच कळतं. इथे कळायला वेळ लागतो.

आणि चौथी गोष्ट. औंढ्याच्या यात्रेत देव कोणाला पावेल ते सांगता येत नाही, पण नारळवाल्याचा गल्ला रोज भरतो. खाट, मेस, अभ्यासिका, क्लास, झेरॉक्स आणि माझ्यासारखे अर्ज भरणारे, हे सगळे नारळवाले. आम्ही वाईट नाही. पण "आता बस कर" असं आम्ही तुम्हाला कधी सांगणार नाही, कारण त्यात आमचं गिऱ्हाईक जातं.

मग कोणी करूच नये का? असं अजिबात नाही. आपल्याच मराठवाड्यातला, जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख. वडील रिक्षाचालक. २०१५ च्या यूपीएससीत पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी, ३६१ वी रँक. हे खरं आहे आणि ते बघून अंगावर काटा येतो. पण त्याच निकालात ज्यांचं नाव आलं नाही, त्यांचा सत्कार होत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. दोन्ही बघून निर्णय घ्या, एवढंच म्हणणं आहे.

काका आणि मुलगा दुकानात आले

आठ दिवसांनी दोघं आले. मुलगा रागातच होता. "सर, तुम्ही मला सोडायला सांगणार असाल तर मी ऐकणार नाही."

मी म्हणालो, "सोड म्हणत नाही. फक्त लिही."

एक वही दिली. त्याने खर्च लिहिला. खाट ४,०००, मेस ३,५००, अभ्यासिका १,५००, इतर २,०००. महिन्याला ११,०००. दोन वर्षांचे २,६४,०००. काका शांतपणे बघत होते. मग मी विचारलं, "आतापर्यंत किती गेले?" त्याने बराच वेळ मान वर केली नाही. "पाच लाखाच्या वर असतील."

काका एवढंच म्हणाले, "मला वाटलं दीड-दोन."

पैसे पाठवले ते काकांनीच. पण कधी सोयाबीनचे, कधी उसनवार, कधी मामाकडून. एका जागी बेरीज कोणी केलीच नव्हती. आणि पोराने ती मुद्दाम लपवली होती असंही नाही. त्यालाही भीती वाटत होती.

मी त्याला विचारलं, "पुण्यात असं काय आहे जे इथे मिळणार नाही?" तो म्हणाला, "वातावरण." हे खोटं नाही. वातावरणाची किंमत असते. पण ती महिन्याला दहा हजार आहे का? क्लास त्याचा आधीच झाला होता. लागत होती ती टेस्ट सिरीज आणि उत्तरं तपासून देणारं कोणीतरी. त्या दोन्ही गोष्टी आता ऑनलाइन मिळतात.

त्या दिवशी वहीच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या :

१. जमीन विकायची नाही.
२. अभ्यास कळमनुरीच्या अभ्यासिकेत. महिन्याचा खर्च १,२०० च्या आत.
३. २०२६ ची परीक्षा शेवटची. त्यानंतर वय शिल्लक असलं तरी नाही.
४. पूर्व परीक्षा झाल्यावर निकालापर्यंत रिकामं बसायचं नाही.

खाली दोघांच्या सह्या. तिसऱ्या ओळीवर तो खूप अडला. "सर, वयोमर्यादा अडतीस आहे." मी म्हणालो, "अडतीस ही सरकारची मर्यादा. तुझ्या घराची मर्यादा तुझ्या बापाला विचार." हे वाक्य जरा कडक झालं. पण त्याने सही केली.

तुमच्यासाठी पाच कामाच्या गोष्टी

१. आधी फुकटचं बघा. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना चालवतात. त्यांच्या जाहिराती आणि मुदती बघा. घरचा पैसा नंतर.

२. थांबायची तारीख आधी ठरवा. निकाल लागल्यावर ठरवाल तर "दोन मार्कांनी गेलं, एकदा अजून" असंच होणार. बुडालेल्या पैशामागे पैसा असाच जातो. तारीख लिहा आणि घरातल्या एका माणसाला दाखवा.

३. तयारीतून काय शिल्लक राहतं ते ओळखा. शासन निर्णय वाचून समजणं, आकडे लक्षात ठेवणं, रोज दहा तास एका जागी बसणं, हा माल वाया जात नाही. मला प्रकल्प अहवाल लिहिताना कोणाची मदत लागली नाही ती त्यामुळेच. पण गिऱ्हाईकाला भाव सांगणं, उधारी मागणं, "नको" ऐकून हसत राहणं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. ते शून्यापासून शिकावं लागेल. माझी पहिली सहा महिने फजिती झाली.

४. लाजेचा खर्चही मोजा. माझा खोलीतला मित्र नायब तहसीलदार झाला. त्याचा फोन मी वर्षभर उचलला नाही. त्याला वाटलं मी रागावलोय. मी फक्त लाजत होतो. एक दिवस तोच दुकानात आला, दोन वह्या घेतल्या आणि चहा प्यायला. वर्ष माझं वाया गेलं, त्याचं नाही.

५. कर्जाने सुरुवात करू नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. पण हे सगळं दुसऱ्या टप्प्यात. आधी चार-पाच हजारांत माल विकून बघा. परीक्षेतून सुटलेला माणूस घाईत असतो. कर्ज काढून मोठं दुकान टाकतो आणि आगीतून फुफाट्यात पडतो.

पुढे काय झालं?

सप्टेंबरच्या पावसात काकांचं सोयाबीन पाण्यात गेलं. परीक्षाही पुढे गेली. जमीन मात्र तीन एकर राहिली. काका दुकानात येऊन म्हणाले, "त्या टायमाला इकली असती तर औंदा काय खाल्लं असतं?"

मुलाने ९ नोव्हेंबरला पूर्व परीक्षा दिली. दुसऱ्या आठवड्यात चौथ्या ओळीप्रमाणे माझ्याकडे आला. घरची वाळवलेली हळद होती. खाद्यपदार्थ विकायचा म्हणून एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घेतली. मग २० किलो दळून आणली, पाव किलोची पाकिटं केली आणि पुण्यातल्या जुन्या मित्रांच्या घरी व इथल्या ओळखीत विकली. २८० रुपये किलो. आले ५,६००.

तो खुशीत म्हणाला, "सर, दळणाई-पाकिटं-पार्सल मिळून नऊशे गेले. नफा सत्तेचाळीसशे!"

मी म्हणालो, "आणि हळद? घरची हळद फुकट नसते. बाजारात घातली असती तर बापाला पैसे मिळाले असते." त्याने १४० रुपये किलोने २,८०० काकांच्या नावावर लिहिले. उरले १,९००.

रक्कम लहान आहे. पण पाच वर्षांत त्याने घरी दिलेले ते पहिले पैसे होते. काकांनी ते मोजले नाहीत, खिशात ठेवले.

तो अजून अभ्यास करतोय. रोज दोन पानं हाताने लिहितो आणि संध्याकाळी फोटो पाठवतो. तो अधिकारी होईल का, हे मी सांगू शकत नाही. झाला तर पहिला पेढा माझ्या दुकानात यायला पाहिजे, असं त्याला बजावून ठेवलंय. नाही झाला तर त्याच्याकडे तीन एकर जमीन, वीस-पंचवीस गिऱ्हाईकं आणि एक भरलेली वही असेल.

तुमच्या घरात कोणी तयारी करत असेल, किंवा तुम्हीच करत असाल, तर आज रात्री जेवण झाल्यावर एक वही घ्या. वर तारीख टाका. गेलेले पैसे, महिन्याचा खर्च आणि थांबायची तारीख, एवढ्या तीनच गोष्टी लिहा. आणि ती वही आई-वडिलांसमोर उघडा. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. माझी आई माझी वही बघून एवढंच म्हणाली होती, "आधी का नाही सांगितलंस?"

पुढच्या व्हिडिओत याच पाच हजारांच्या प्रयोगाचा कागद स्क्रीनवर भरून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.