जपानी तंबाखूची पिशवी

आपल्याकडे पानतंबाखूचा शौकीन मनुष्य चंची बाळगीत असे. जपानांतही अशीच एक पिशवी होती. परंतु तिच्या शृंगारासाठीं तेथील कारागिरांनीं जें कौशल्य वेंचिलें, तें पाहून मन थक्क होतें.

तंबाखू जपानांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांमुळें पोंचली. तिचें जपानी नांव 'ताबाको' व आपला 'तंबाखू' हे दोन्ही शब्द मूळ पोर्तुगीजच होत. जपानी किमोनोस खिसे नसतात. म्हणून पिशवी व धूम्रपानाच्या नळीचें म्यान एका दोरींत गुंफून कमरपट्ट्याला अडकवीत. दोरी निसटूं नये म्हणून कित्येकदां तिच्या टोंकास हस्तिदंताचा अथवा लांकडाचा कोरीव गुंडा असे. त्यास 'नेत्सुके' म्हणतात. पिशवीसाठीं हॉलंडचें सोनेरी नक्षीचें चामडें, इतकेंच नव्हे तर आपल्या हिंदुस्थानचें चीटही वापरीत.

पिशवीची झांप बंद करणारा धातूचा लहानसा अलंकार हें तिचें खरें भूषण. दोन बोटें रुंदीच्या त्या जागेंत पक्षी, फुलें किंवा सिंह कोरलेले असत. तांब्यांत थोडें सोनें मिसळून, विशिष्ट द्रावणांत उकळून निळसर काळा रंग आणीत. या धातूस 'शाकुदो' म्हणतात. तांबें व रुपें यांच्या मिश्रणापासून करड्या छटेचा 'शिबुइची' होई.

ही विद्या मूळची तरवारीच्या मुठी शृंगारणाऱ्यांची. इ. स. १८७६ मध्यें जपान सरकारनें सैनिक, पोलीस इत्यादि अपवाद वगळून तरवार बाळगण्यास मनाई केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला त्यांचा धंदा बसला. तेव्हां कित्येकांनीं तीच छिन्नी पिशव्यांच्या अलंकारांकडे वळविली. मुठीवरील जुने अलंकारही पिशव्यांवर चढले. त्याच परंपरेंतील कानो नात्सुओ (१८२८–१८९८) यांनीं नव्या नाण्यांचे नमुने कोरले, व पुढें तोकियोच्या कलाशाळेंत ते अध्यापक झाले.

पुढें सिगारेट व पाश्चात्त्य पोषाख आला आणि पिशवीही मागें पडली. आज ती पदार्थसंग्रहालयांत दिसते. तंबाखूचें व्यसन त्याज्यच. परंतु हातांतील काम गेलें तरी हातांतील कसब टाकूं नये, हा त्या कारागिरांचा धडा आपण विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावा.