आडनाव एक, देव किती? एटापल्लीच्या माडियांची कुळव्यवस्था

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, गट्टा, कसनसूर, जारावंडी या जंगलपट्ट्यांत, मडावी, आत्राम, गोटा, पुंगाटी, हिचामी, नरोटी, उसेंडी, लेकामी अशी आडनावे वारंवार आढळतात. बाहेरून आलेल्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला ती इतरत्र आढळणाऱ्या आडनावांसारखीच वाटतात. परंतु माडिया गोंड समाजात आडनाव हे मुळात कुळाचे नाव असून, त्या कुळाचे देव किती आहेत हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही.

गोंडीत देवाला ‘पेन’ म्हणतात. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देव मानणाऱ्या गटांत विभागलेली असून, मराठी बोलताना त्यांना चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे म्हटले जाते. एकाच संख्येचे देव मानणारी सर्व कुळे, त्यांची आडनावे निरनिराळी असली तरी, एकमेकांची भाऊबंद ठरतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. याउलट मामाच्या मुलीशी विवाह गोंडांमध्ये परंपरेने मान्य आहे, कारण मामाचे कुळ आईच्या माहेरचे, म्हणजे सोयऱ्यांचे असते. रक्ताच्या जवळिकीपेक्षा देवांची संख्या येथे अधिक निर्णायक आहे, ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर या आडनावांचे सारे गणित चुकते. विल्फ्रिड ग्रिगसन यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेजारच्या बस्तरमधील माडियांची कुळे ‘दादाभाई’ आणि ‘अकोमामा’, म्हणजे भाऊबंद आणि सोयरे, अशा दोन बाजूंत मांडलेली दिसतात. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या समाजाची नातेव्यवस्था राज्याच्या सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे.

देवांची ही विभागणी कशी झाली, याची कथा गोंडांच्या परंपरेत पहांदी कुपार लिंगो या आद्य पुरुषाशी जोडलेली आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या पूर्वजांना त्याने मुक्त केले आणि त्यांची कुळांत वाटणी करून विवाहाचे नियम घालून दिले, असे ती सांगते. काही कुळनावांचा उगम मात्र थेट जंगलात सापडतो. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात टेकाम हे नाव सागाशी, मरकाम आंब्याशी आणि इरपाची मोहाशी जोडले आहे. ज्या झाडावरून कुळाचे नाव पडले, त्याला इजा न करण्याचा संकेत अशा कुळांत असतो. राजघराण्यांच्या नावांनाही हीच चौकट लागू पडते: अहेरीच्या जमीनदार घराण्याचे आत्राम आणि 1858 मध्ये चंद्रपूरला फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांचे शेडमाके ही दोन्ही गोंड कुळांचीच नावे आहेत.

आडनावाला असे दुसरे अंग असणे हे केवळ गोंडांचे वैशिष्ट्य नाही. दक्षिण कोरियात किम, ली आणि पार्क या तीनच आडनावांत पाचपैकी दोनांहून अधिक लोक येतात. तिथेही नुसते ‘किम’ पुरेसे नसून, कुळाचे मूळ स्थान, ज्याला ‘बोनग्वान’ म्हणतात, ते जोडून ‘गिम्हेचे किम’ अशी ओळख सांगितली जाते. गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो ही आडनावे वेगळी असली तरी दोघेही सुरो राजा आणि त्याच्या राणीचे वंशज मानले जातात, म्हणून त्यांच्यात विवाह परंपरेने निषिद्ध होता. समान आडनाव आणि समान मूळ असलेल्यांच्या विवाहावरील कायदेशीर बंदी तेथील संवैधानिक न्यायालयाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. कोरियात वंशावळी छापील ग्रंथांत जपल्या गेल्या. राजगोंडांमध्ये हे काम परधान गायकांनी किंगरीच्या साथीने, मुखोद्गत केले.

शासकीय कागदांवर यातले फक्त आडनाव उतरते. शाळेचा दाखला, सातबारा, आधार कार्ड यांत देवांच्या संख्येला रकाना नाही, आणि लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे नरोटीचे नरोटे, शेडमाकेचे सेडमाके होते. शिवाय मेश्राम, गेडाम यांसारखी नावे विदर्भात गोंड, परधान आणि बौद्ध अशा निरनिराळ्या समाजांत आढळत असल्याने, केवळ आडनावावरून जमात ठरवणे धोक्याचे आहे. जात वैधतेच्या प्रकरणांत ज्यांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न अडलेला असतो, त्यांच्यासाठी ही बाब अत्यंत गंभीर आहे. आडनाव हा कुळाचा पुरावा म्हणून वाचायचा असेल, तर देव, देवस्थान आणि सोयऱ्यांची कुळे यांची माहितीही त्याच काळजीने नोंदवली गेली पाहिजे.

कुळ आणि देव यांचे नाते किती जिवंत आहे, हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला दिसते. तेथील नागोबा हे मेश्राम कुळाचे दैवत असून, मेश्राम सात देवांच्या गटात मोडतात. पौष अमावास्येच्या जत्रेत कुळात नव्याने आलेल्या सुनांना ‘भेटिंग’ या विधीने नागोबापुढे आणले जाते, आणि हा विधी झाल्यानंतरच त्यांना कुलदैवताच्या पूजेत भाग घेता येतो.