इंग्रजांचे धावणे आणि आपले चालणे

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलास 'रन' म्हणजे धावणे हा अर्थ आरंभीच्या पाठांतच मिळतो, आणि तो मिळाल्यामुळे हे क्रियापद आपणांस कळले अशी जी निश्चिंतता त्याच्या ठायी उत्पन्न होते, ती पुढे त्यास ठिकठिकाणी तोंडघशी पाडीत राहते. पुढच्या इयत्तांतून त्यास दिसू लागते की इंग्रजीत नदी 'रन' होते, सर्दी झालेल्याचे नाक 'रन' होते, धुतलेल्या कापडाचा रंग 'रन' होतो. दुकान, कारखाना, सरकार आणि संगणकातला प्रोग्रॅम ही सगळी कोणीतरी 'रन' करीत असतो. आणि शेताच्या कडेचे कुंपण, जे एकदा पुरल्यावर जागचे हलण्याची मुळीच अपेक्षा नसते, तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत 'रन' होत गेलेले असते. पाय असलेला प्राणी जलद गतीने जातो हा अर्थ या गर्दीत कोठेतरी कोपऱ्यात उभा असतो.

ही गर्दी केवढी आहे याची मोजदाद झालेली आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची 1989 साली 20 खंडांत जी दुसरी आवृत्ती निघाली, तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची असून तिने सुमारे 60 हजार शब्दांची जागा व्यापली होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदींचे संशोधन सुरू झाले, तेव्हा 'सेट'ची ही गादी गेली आणि 2011 च्या सुमारास 'रन'कडे आली. केवळ क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ कोशकारांच्या पदरी पडले. या एका शब्दावर पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने खपत होते. मूळ अर्थाची व्याख्या करतानाही त्या कोशाने जी सूक्ष्मता दाखविली आहे ती पाहण्यासारखी आहे: आळीपाळीने पावले टाकीत असे जलद जाणे की दोन्ही पाय, आणि चतुष्पाद असल्यास सगळे पाय, एकाच वेळी जमिनीवर कधीही टेकलेले असू नयेत. धावणाऱ्या माणसाकडे आपण इतके न्याहाळून क्वचितच पाहतो.

कोशकारांचे हे दुखणे जुनेच आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत, ज्यांचा अर्थ इतका सैल आणि व्यापक आहे की त्यास कोठे धरावे हेच समजत नाही अशा क्रियापदांची त्यांनी यादी देऊन तक्रार मांडली आहे, आणि त्या यादीत 'गेट', 'पुट', 'टेक' यांच्या जोडीने 'रन'ही हजर आहे. या शब्दांमागे एखादे अव्यय लागले म्हणजे परकीयांची कशी त्रेधा उडते, हेही त्यांनी तेथेच नमूद केले आहे.

ही त्रेधा कशी असते हे पाहावयाचे तर एक 'रन डाउन' पुरे आहे. मोटारीने रस्त्यावरच्या माणसाला 'रन डाउन' केले म्हणजे धडक देऊन पाडले; शेजाऱ्याने शेजाऱ्याला 'रन डाउन' केले म्हणजे पाठीमागे त्याची निंदानालस्ती केली; पोलिसांनी फरारी इसमास 'रन डाउन' केले म्हणजे माग काढून पकडले; आणि किल्लीचे घड्याळ 'रन डाउन' झाले म्हणजे किल्ली उतरून ते थांबले. डागडुजीवाचून पडलेला वाडा असाच 'रन डाउन', आणि दगदगीने खंगलेला गृहस्थही तसाच. अव्यय बदलले की मामला पुन्हा नवा: 'रन इन्टू' म्हणजे एखाद्याशी अकस्मात गाठ पडणे, 'रन अप' म्हणजे वाण्याकडे उधारी चढविणे, आणि 'रन आउट' म्हणजे घरातली साखर संपणे. या प्रत्येक कल्पनेस लॅटिन किंवा फ्रेंच वळणाचा एकेक भारदस्त शब्द इंग्रजीत आहेच. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायासन यांची भाषा फ्रेंच झाली, आणि शेतात व चुलीपाशी जी राहिली ती जुनी इंग्रजी. मराठी विद्यार्थी पुस्तकांतून इंग्रजी शिकत असल्यामुळे कचेरीतले भारदस्त शब्द त्यास लवकर साधतात, आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा मात्र त्यास हुलकावणी देत राहते.

येथे मराठी वाचकाच्या दृष्टीने मौजेची गोष्ट अशी की इंग्रज जेथे जेथे धावतो, तेथे तेथे आपण बहुधा चालतो. त्याचे दुकान धावते, आपले चालते. त्याचे घड्याळ धावते, आपले चालते. अगाथा ख्रिस्ती यांचे 'माउसट्रॅप' हे नाटक 1952 पासून लंडनमध्ये, मध्यंतरीचा महासाथीचा खंड वगळता, 'रन' होत आले, तर आपल्याकडे प्रेक्षकांनी उचलून धरलेले नाटक 'चालते'. भाडेपट्टा, अंमल, वहिवाट, खटला, कारभार, संसार या सगळ्यांना मराठीने पायी चालविले आहे. लॅटिनमधील धावण्याच्या धातूपासून इंग्रजीत 'करन्सी' आली, तिला आपण 'चलन' म्हणतो. त्याच धातूपासून बँकेतले 'करंट' खाते आले, ते आपले 'चालू' खाते. आणि त्याच धातूपासून 'करिक्युलम' आला, त्यास आपण 'अभ्यासक्रम' म्हणतो, ज्यातल्या 'क्रम' शब्दाच्या मुळाशी पाऊल टाकण्याचाच अर्थ आहे. यावरून इंग्रज उद्योगी आणि आपण मंद असा निष्कर्ष काढणारे पंडित भेटतात. त्यांची गंमत ऐकावी आणि सोडून द्यावी. निवडणुकीपुरता तर इंग्रज आपल्याइतकाच स्वस्थ आहे: अमेरिकेतला उमेदवार पदासाठी 'रन' करतो, इंग्लंडातला केवळ 'स्टँड' करतो, आणि आपलाही उभाच राहतो.

दोन ठिकाणी मात्र मराठीने आपली चाल सोडलेली दिसते, आणि ती दोन्ही इंग्रजांनीच आणलेली आहेत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, आणि तेव्हापासून गाडी ही मराठीत 'धावू' लागली. विलंबाने का होईना, पण धावतेच. दुसरे ठिकाण क्रिकेटचे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी हा खेळ मराठीतून घरोघर पोहोचविला, आणि त्या मराठीत 'रन'ची 'धाव' झाली. आता चेंडू सीमापार गेला असता फलंदाज बॅटीवर रेलून स्वस्थ उभा असतो आणि त्याच्या नावावर चार धावा जमा होतात. मूळ इंग्रजीतली ही विसंगती आपण जशीच्या तशी पदरात घेतली, आणि आज ती कोणास खटकतही नाही.

स्वस्थ उभे राहून धावण्याचे याहूनही विलक्षण उदाहरण पेढ्यांच्या इतिहासात सापडते. एखाद्या पेढीवरचा विश्वास उडून ठेवीदार एकदम आपले पैसे परत मागू लागले की त्यास 'बँक रन' म्हणतात. सप्टेंबर 2007 मध्ये इंग्लंडातील नॉर्दर्न रॉक या बँकेवर असा प्रसंग आला, तेव्हा ठेवीदार तिच्या शाखांबाहेर तासन् तास रांगा लावून निमूटपणे उभे होते. पाऊल पुढे पडत नव्हते, तरी शब्द 'रन' हाच.

काही वाक्प्रचारांची कुळकथा तर दूरदेशीची निघते. 'रन अमॉक' म्हणजे बेभान होऊन अंगावर धावून जाणे, यातला दुसरा शब्द मलय भाषेतून आला. आपल्या 'अमुक-तमुक'शी त्याचे कसलेही नाते नाही. 'रन द गाँटलेट' यात हातमोज्याचा अर्थ असलेला शब्द दिसतो, आणि हातमोजा घालून धावण्यात काय विशेष असा प्रश्न वाचकास पडतो. पण तो हातमोजा नव्हेच. स्वीडिश सैन्यात अपराध्याला दोन रांगांमधून धावावयास लावून दोन्ही बाजूंनी फटके देण्याची शिक्षा होती, तिचे स्वीडिश नाव सतराव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी बिघडत बिघडत या परिचित शब्दाशी जाऊन मिळाले. 'रन ऑफ द मिल' हा मात्र सरळ कारखान्यातला आहे: प्रतवारी लावण्यापूर्वी गिरणीतून जसा येईल तसा माल, म्हणून सामान्य, साधारण.

हे सर्व वाचून इंग्रजी ही भाषा स्वैर आहे असे ज्यास वाटेल, त्याने एकदा आपल्या 'लागणे' या क्रियापदाकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहावे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, चित्रपट लागतो, आमसूल आंबट लागते, आणि समोरचे गृहस्थ आपले मामा लागतात. बस फलाटाला लागते, आणि त्याच बसमध्ये बसून घाट चढताना एखाद्याला बस लागते! मोल्सवर्थ साहेबांनी 1831 साली आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा अशा शब्दांचे अर्थ उलगडताना त्यांना व त्यांच्या शास्त्रीमंडळींना किती श्रम पडले असतील, याची कल्पना करता येते.

शिक्षकांस म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. 'रन'चे पंचवीस अर्थ फळ्यावर लिहून ते मुलांकडून घोकून घेण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी मुलांना प्रथम वाक्यातला कर्ता दाखवावा. कर्ता पाणी असेल तर वाहणे, यंत्र किंवा धंदा असेल तर चालणे, मुदत असेल तर लागू असणे, आणि माणूस असून मागे अव्यय लागले असेल तर कोश उघडणे, एवढी चार सूत्रे हाती आली की बहुतेक वाक्यांचा उलगडा होतो. उरलेल्या वाक्प्रचारांसाठी रोज दोन पाने इंग्रजी वृत्तपत्र वाचावयास लावावे, आणि जेथे 'रन' येईल तेथे पेन्सिलीने खूण करून त्या वाक्याचा अर्थ मराठीत लिहावयास सांगावा.