एका अक्षराचा फेर

मी कला शाखेचा पदवीधर, त्यातून कवी. मी विज्ञानावर काय बोलणार, असं कुणालाही वाटेल. पण आजचा विषय अक्षरांचा आहे, म्हणून हे धाडस. उर्दू लिपीत 'खुदा' आणि 'जुदा' या शब्दांत फरक आहे तो एका नुक्त्याच्या जागेचा. नुक्ता वर असेल तर खुदा, खाली आला की जुदा. आपल्या शरीरातही एका अक्षराने असाच अनर्थ होतो.

आपल्या बहुतेक पेशींत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. खरं तर हे दोन धागे, एकमेकांभोवती पिळलेले. दोराच्या शिडीला पीळ द्यावा, तशी ही रचना. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार घेऊन जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी ती १९५३ साली जगापुढे मांडली.

या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे अक्षरांची एक जोडी. अक्षरं एकूण चारच : ए, टी, जी आणि सी. 'ए'ची सोयरीक 'टी'शी, 'जी'ची 'सी'शी. त्यामुळे धागे सुटे झाले तरी एकावरून दुसरा नेमका तयार करता येतो. पेशीची वाढ होताना सारा मजकूर असाच उतरवला जातो. त्यात एखादं अक्षर बदललेलं असेल, तर तेही पुढे उतरतं.

या संपूर्ण मजकुराला जीनोम म्हणतात. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. प्रत्येक प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरं. ती वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा राहून गेलेला सुमारे आठ टक्के भाग २०२२ साली वाचून झाला.

आता त्यातलं एकच अक्षर पाहू. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका भागाची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. तिथे 'जीएजी' या तीन अक्षरी शब्दाचा काही जणांत 'जीटीजी' होतो. दोन्ही प्रतींत हा बदल असला, तर ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून ताठर होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. असह्य वेदना होतात, रक्त कमी होतं. हाच सिकलसेल. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या अनेक घरांना तो ओळखीचा आहे.

एकाच प्रतीत बदल असलेला माणूस 'वाहक'. तो बहुधा ठणठणीत असतो. शिवाय गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच आफ्रिकेत आणि आपल्याकडच्या जंगलपट्ट्यात, जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या मुक्कामाला होता, तिथे हे अक्षर टिकून राहिलं. तो कुणाचा शाप नाही, की कुठल्या जमातीवरचा डाग नाही.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. आणि असं मूल जन्मलं की बोल लागतो तो सुनेला. आजारी मुलाला एक अक्षर आईकडून आलेलं असतं, तसंच दुसरं बापाकडून, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

जनुकांत बदल घडवणाऱ्या एका उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत ठरली सुमारे २२ लाख डॉलर. मेळघाटातल्या बापाने तिकडे पाहून काय करावं? त्याच्या हाताशी असायला हवी ती वेळेवर झालेली रक्ततपासणी आणि वेदनांचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. लग्न ठरवताना आपण पत्रिका पाहतो, हुंड्याची बोलणी करतो. सिकलसेल असलेल्या भागात त्याआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही, रक्त तपासून घ्यावं. त्याला फार वेळ लागत नाही.